कारण न लिहिलेली बरणी

१

खोकं जागेवर होतं. झाकण नीट बसवलेलं होतं. आतलं हळदीत रंगवलेलं कापडसुद्धा व्यवस्थित घडी घालून ठेवलेलं होतं. फक्त बरणी नव्हती.

तेत्सुरोने खोकं पुन्हा एकदा उघडून पाहिलं. मग जिन्याशी येऊन, खाली गिऱ्हाइकांना ऐकू गेलं तरी चालेल अशा गोड आवाजात त्याने हाक मारली, "आराकी-सान, जरा वर येता का?"

त्या गोड आवाजावरूनच आराकीबाईंनी ओळखलं, की काहीतरी भलतंच घडलंय.

कुनिए आराकी यांनी उभी हयात फुकुओकाच्या एका मोठ्या दुकानात काढली होती. चार मजली दुकान, आणि बाईंचं काम एकच: साध्या कपड्यांत, हातात पिशवी घेऊन, गिऱ्हाइकासारखं फिरायचं आणि उचलेगिरी करणाऱ्यांवर नजर ठेवायची. निवृत्त झाल्यावर त्या शिराताला, आईच्या गावी, येऊन राहिल्या. हिझेनच्या डोंगरातलं हे कुंभारांचं गाव. मे महिन्यात इथे चिनी मातीच्या भांड्यांचा बाजार भरला, की तोमिनागांच्या दुकानात त्या नजर ठेवायला येऊन बसत. बसत म्हणजे काय, उभ्याच असत. कोणाचा हात बाहीत शिरताना दिसला, की जवळ जाऊन हसून विचारत, "काही शोधताय का?" बहुतेक वेळा तेवढं पुरत असे.

वरच्या खोलीत तेत्सुरो चटईवर गुडघे टेकून बसला होता. तो तोमिनागांचा घरजावई. दुकानाचा सगळा कारभार त्याच्याकडे. शेजारी त्याची बायको चिहारू उभी होती. तिच्या मनगटांवर अजून ओली माती होती.

"पांढरी बरणी गेली," तेत्सुरो म्हणाला. "बाबांची. म्युझियमची."

बरणीबद्दल आराकीबाईंनी ऐकलं होतं, पाहिली मात्र नव्हती. चहाविधीत पाणी ठेवायची झाकणाची बरणी. तिच्यावर चित्र नाही, रेघ नाही, नुसता पांढरा रंग आणि घाट. म्हाताऱ्या जिम्पेई तोमिनागांनी या वयात असं काम केलं म्हणून जिल्ह्याचं म्युझियम ती मागून घेणार होतं. सोमवारी माणसं न्यायला येणार होती. आज शनिवार, बाजाराचा ऐन गर्दीचा दिवस.

"पोलीस?" बाईंनी विचारलं.

"नाही नाही. बाजारात बोभाटा होईल. आणि बाबांना तर कळताच कामा नये. त्यांचं हृदय नाजूक झालंय. मी खाली सगळ्यांना सांगून टाकलंय, की आज कोणीही बाबांच्या खोलीत जाऊन त्यांना त्रास द्यायचा नाही." तेत्सुरोने आवाज खाली आणला. "शिवाय चोर कोण ते मला माहीत आहे. हिदाका. सकाळी मागच्या दाराने गेला. ओत्सुबो काकूंनी पाहिला. काखेत गाठोडं होतं."

गेन हिदाका जिम्पेईंचा शेवटचा शिष्य. गेल्या शरदात तेत्सुरोशी कडाक्याचं भांडण करून निघून गेला होता.

आराकीबाईंनी खोकं हातात घेतलं. हलक्या लाकडाचं, सुरेख बनवलेलं. त्यांनी झाकण उलटंपालटं केलं.

"चोराने हे का ठेवलं?"

"घाई असेल."

"घाईत कोणी कापडाची घडी घालतं?"

तेत्सुरोने खोकं परत आपल्याकडे ओढलं. पण आराकीबाईंचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. चिहारू खिडकीबाहेर बघत होती, आणि तिने नुकताच एक सुस्कारा सोडला होता. तो दुःखाचा नव्हता. डोक्यावरचं ओझं उतरवल्यावर सुटतो, तसला होता.

२

खाली गर्दीला ऊत आला होता. दुकानासमोर मांडव, मांडवात नवी भांडी, आणि कोपऱ्यात छपराखाली ते टेबल, ज्याच्यासाठी अर्धी माणसं आलेली असतात. त्यावर पाटी होती: वाकेआरी.

शब्दाचा अर्थ नुसता 'कारण आहे' एवढाच. माल चांगला, वापरायला उत्तम, पण भाव उतरवलाय त्याला कारण आहे. कुठे झिलईत ठिपका, कुठे काठ किंचित वाकलेला. अख्ख्या देशात हा शब्द बोकाळलाय. वाकडी काकडी वाकेआरी, तुटक्या बिस्किटांचे तुकडे वाकेआरी, जिथे कोणी गळफास घेतला ती खोलीही भाड्याला वाकेआरी. फुकुओकाच्या दुकानात तर मुद्दाम स्वस्तातला माल बनवून आणून त्यावर हे लेबल लावत, कारण शब्द दिसला की बायका धावत येत. आराकीबाईंनी ते सगळं पाहिलं होतं.

तोमिनागांकडे मात्र तसं चालत नसे. छापील लेबलावर 'वाकेआरी'च्या खाली एक रिकामी ओळ असे, आणि तिथे कारण लिहिल्याशिवाय भांडं टेबलावर येत नसे. म्हाताऱ्यांचा, म्हणजे सगळ्यांच्या 'सेन्सेईं'चा, गुरुजींचा, दंडक होता तो.

"आणि लिहायचं राहून गेलं तर?" आराकीबाईंनी सहज विचारलं.

टेबलामागे ओत्सुबो काकू होत्या. शेजारच्याच. दरवर्षी बाजारापुरत्या मदतीला येत, आणि त्यांचं तोंड हातांपेक्षा जोरात चाले.

"राहून गेलं तर वर जायचं आणि सेन्सेईंना विचारायचं, 'याचं कारण काय?' मग ते डोळ्यांना लावून बघतात आणि सांगतात. कारण कळल्याशिवाय विकायचं नाही. तेत्सुरो-सान वैतागतात हो! ते म्हणतात, कारखान्याचा माल आणू, लेबल लावू, लोक घेतात. परवाच सासऱ्या-जावयाची जुंपली होती."

"काय म्हणाले सेन्सेई?"

"म्हणाले, 'शब्द लावायचा असेल तर कारणही लावायचं. नाहीतर ते खोटं बोलणं झालं.' आणि जेवण अर्धवट टाकून उठले." काकूंनी एका बाईला वाडगे बांधून दिले. "पण काय हो, मघाशी तेत्सुरो-सानने हिदाकाबद्दल का विचारलं? त्याने काही केलं का?"

"काही नाही," आराकीबाई म्हणाल्या, आणि खोटं बोलावं लागलं म्हणून मनातून खट्टू झाल्या.

दुपारी त्या वर गेल्या. त्रास द्यायला नव्हे, चहा प्यायला. त्यांचा तो जुना हक्क होता.

जिम्पेई तोमिनागा व्हरांड्यात बसले होते. नवा चहा आला होता आणि बशीत योकानच्या काळ्या, गोड वड्या होत्या. किटली उचलायला त्यांनी हात पुढे केला तसा तो थरथरू लागला. आराकीबाईंनी काही न बोलता किटली आपल्याकडे घेतली.

"दोन वर्षं झाली याला," म्हातारे हाताकडे बघत म्हणाले. "कधी कमी, कधी जास्त. वाडगा धरता येतो. घडवता येत नाही."

आराकीबाईंचा कप ओठांशीच थांबला. पण त्यांना काही विचारायची बंदी होती.

"काल रात्री मात्र झोप नाही लागली," जिम्पेई पुढे म्हणाले, "आणि आज सकाळपासून कसं मोकळं वाटतंय. अगदी उलट व्हायला हवं, नाही का?" त्यांनी खालच्या गर्दीकडे कान दिला. "दुकानात कोणी काही विचारलं का हो, आराकी-सान?"

"कशाबद्दल?"

"असंच. गिऱ्हाइकं विचारतात ना काही बाही."

"नाही बाई."

"बरं," म्हातारे म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला.

३

रविवारी सकाळी आराकीबाई मागच्या बाजूला, कामाच्या खोलीत गेल्या. चिहारू चाकावर बसली होती. मातीचा गोळा तिच्या बोटांत वर चढत होता, रुंदावत होता, पुन्हा आत वळत होता. बाई बघतच राहिल्या.

"बोला," चिहारू चाक न थांबवता म्हणाली.

"ती बरणी कधी झाली?"

"शरदात."

"सेन्सेईंनी केली?"

"त्यांच्याच भट्टीत भाजली."

"मी ते नाही विचारलं."

चाक थांबलं. चिहारूने हात पाण्यात बुडवले आणि जरा जास्तच वेळ धुतले. "आराकी-सान, बरणी सापडली नाही तर काय बिघडेल? खरं सांगा."

"तुझं काही बिघडणार नाही कदाचित. हिदाकाचं बिघडेल. तुझा नवरा त्याचं नाव घेतोय."

चिहारू चमकली. "गेन? तो असलं करणार नाही."

"तू काय केलंस ते मला ठाऊक नाही अजून."

"मी नाही उचलली," चिहारू म्हणाली. आवाज सरळ होता. आराकीबाईंनी आयुष्यभर खोटे आवाज ऐकले होते. हा त्यातला नव्हता.

निघताना त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे खुंट्यांची एक ओळ होती आणि खुंट्यांखाली भिंतीवर फिकट आकार उमटलेले होते: लांब, गोल, पळीसारखे. वर्षानुवर्षं तिथे काहीतरी टांगलेलं असावं. आता खुंट्या रिकाम्या होत्या.

"बाबांची लाकडी हत्यारं होती," चिहारू म्हणाली. "आवराआवर चाललीय त्यांची. कुठे ठेवली कोण जाणे."

हिदाकाची झोपडी नदीपलीकडे होती. तो स्वतःची भट्टी बांधत होता. अंगभर विटांचा चुरा. बाईंना पाहून त्याने कपाळ पुसलं आणि बसायला पालथी बादली दिली.

"तेत्सुरोने पाठवलं ना? बरणी गेली म्हणे."

"तुला कसं कळलं?"

"काल फोन केला होता त्याने. 'परत आणून दे, कोणाला सांगणार नाही' म्हणाला. मी फोन ठेवून दिला."

"शनिवारी सकाळी तू तिकडे गेला होतास?"

"गेलो होतो."

"गाठोडं होतं?"

"होतं."

"आत काय होतं?"

हिदाकाने वीट उचलली, तिला गारा लावला, बसवली. "ते सांगणार नाही. सेन्सेईंना विचारा."

"त्यांना विचारायची मला मनाई आहे."

"मग मला चोर म्हणा आणि मोकळ्या व्हा!" तो एकदम ओरडला, आणि लगेच ओशाळला. "माफ करा. पण सेन्सेईंनी सांगितलंय, 'घरात बोलू नकोस, मी आपणहून सांगेन.' त्यांचा शब्द मोडू का मी?"

आराकीबाई उठल्या. झोपडीच्या फळीवर निळं कापड पसरलं होतं आणि त्यावर घासून घासून गुळगुळीत झालेली लाकडी हत्यारं ओळीने मांडली होती. एकावर अंगठ्याने झिजून खळगा पडला होता. तो अंगठा हिदाकाचा नव्हता. इतकं झिजायला त्याच्या वयाएवढी वर्षं गेली असती.

म्हणजे गाठोड्यात हे होतं. कुंभार आपली हत्यारं शिष्याला कधी देतो? आता आपण पुन्हा चाकावर बसणार नाही, हे त्याने स्वतःशी कबूल केल्यावर.

परत आल्यावर त्यांनी तेत्सुरोला एवढंच सांगितलं, की गाठोड्यात बरणी नव्हती, हत्यारं होती.

तेत्सुरोचे डोळे विस्फारले. "म्हणजे हत्यारंही चोरली?" तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत थांबतो. मग पोलिसांना फोन करतो. बोभाटा होऊ दे."

४

दुपारभर आराकीबाई मांडवात उभ्या होत्या. समोरून माणसं जात होती आणि त्यांना दिसत मात्र होतं ते खोकं.

अशी बरणी खोक्याशिवाय कोणी चोरत नाही. झाकणाच्या आत घडवणाऱ्याच्या हाताने नाव लिहिलेलं असतं. ते नाव असेल तरच दलाल दारात उभा करतो. आणि काल त्यांनी झाकण उलटं करून पाहिलं तेव्हा आत काहीच लिहिलेलं नव्हतं. कोरं लाकूड. म्युझियम उद्या येणार, आणि सही झालेली नाही?

"तेत्सुरो-सान," त्यांनी विचारलं होतं, "सेन्सेईंनी सही कधी करायची ठरवली होती?"

"रोज मागे लागतो हो मी. रोज म्हणतात, हात थरथरतो."

म्हणजे ज्याने कोणी बरणी नेली, त्याला नाव नको होतं. पैसाही नको होता. मग त्याने ती नेली कुठे?

"काकू, याचं कारण काय हो?"

हिरव्या टोपीतली एक मुलगी वाकेआरीच्या टेबलाशी ताटली धरून उभी होती. लेबलावरची शाई पाण्याने पसरून गेली होती.

"बघू," ओत्सुबो काकू म्हणाल्या. "अगंबाई, पुसलं की. थांब हं, वर विचारून..." आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "वर जायचं नाही, नाही का! काय हा ताप. कालही अस्संच झालं."

आराकीबाईंनी मान वळवली. "काल काय झालं?"

"अहो, एका भांड्यावर कारणच लिहिलेलं नव्हतं. पुसलेलं नाही, मुळातच नव्हतं. वाकेआरी, आणि खाली कोरं. घेणाऱ्या बाईंनी विचारलं, मी फिरवून फिरवून पाहिलं, प्रकाशात धरलं, टिचकी मारली. कसला म्हणून दोष नाही. वर जाऊन विचारणार, तर तेत्सुरो-सानने नुकतीच तंबी दिलेली. तुम्ही सगळे तेव्हा वरच होतात. बाई म्हणाल्या, 'असू दे हो, आम्हाला चालेल.' देऊन टाकलं वाडग्याच्या भावात."

"काय होतं ते भांडं?"

"बरणी. पांढरी, झाकणाची. साधीच."

मांडवातला गोंगाट आराकीबाईंना क्षणभर ऐकूच आला नाही.

"लेबल कसं लावलं होतं, आठवतं?"

"वाकडं! अगदी तिरकं. आणि एक कोपरा दुमडलेला. म्हटलं, ही कोणाची पोरबुद्धी?"

"आणि घेणारी?"

"नवरा-बायको होते. इमारीला बंदराजवळ खानावळ आहे त्यांची. ढीगभर ताटल्या घेतल्या आणि वर ही. 'जेवायला या' म्हणाले. का हो, आराकी-सान? तुमचा चेहरा असा का झाला?"

तेवढ्यात दुकानाच्या आतून तेत्सुरोचा आवाज आला. तो फोनवर बोलत होता. "हो, चोरीच. माणूस माहितीतला आहे."

५

"फोन खाली ठेवा," आराकीबाई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात काहीतरी असं होतं, की तेत्सुरोने 'नंतर करतो' म्हणून खरंच ठेवला. गल्ल्यापाशी चिहारू होती. तिने दार लोटून घेतलं.

"चोरी झालेली नाही. बरणी या घरातून विकली गेली. काल सकाळी, आपण वर रिकाम्या खोक्यात डोकावत होतो तेव्हा, खाली वाकेआरीच्या टेबलावरून."

तेत्सुरो खुर्चीत बसला. "टेबलावर कोणी ठेवली? हिदाकाने? मागाहून साथीदार येऊन स्वस्तात घेईल म्हणून?"

"मलाही आधी तेच सुचलं. आमच्या दुकानात असले प्रकार खूप व्हायचे. पण ज्याला माल गुपचूप बाहेर काढायचा असतो, तो लेबलावर काहीतरी खोटं कारण लिहितो. 'ठिपका' लिहिलं की संपलं, कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. इथे कारणाची जागा कोरी होती. या दुकानात कोरं लेबल म्हणजे काय? कोणीतरी विचारणारच. आणि कोणाकडे जाऊन विचारणार?"

चिहारूचा हात तोंडाकडे गेला.

"लेबल तिरकं होतं," आराकीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कोपरा दुमडलेला. तुमच्यातल्या कोणाचाही हात इतका वाईट नाही. खोक्यावर सही झालेली नाही. हत्यारं शिष्याला देऊन टाकलीत. आणि काल चहा पिताना त्यांनी मला विचारलं, 'दुकानात कोणी काही विचारलं का?' मी नाही म्हटलं. आपण सगळे या घरात एकाच माणसापासून गोष्ट लपवत होतो, तेत्सुरो-सान, आणि ती फक्त त्यालाच माहीत होती."

मग तिघंही जिना चढले.

जिम्पेई व्हरांड्यातच होते. तिघांना एकदम पाहून त्यांनी पाय सावरले.

आराकीबाई समोर बसल्या. "सेन्सेई, त्या पांढऱ्या बरणीचं कारण काय होतं?"

म्हाताऱ्यांनी मान खाली घातली.

"मी केलेली नाही," ते म्हणाले. "हे कारण."

तेत्सुरो काहीतरी पुटपुटला.

"दोन वर्षांत माझ्या हातून धड कप उतरला नाही, हे घरात सगळ्यांना दिसतं. तरी भट्टीतून ती बरणी निघाली आणि तू ओरडलास, 'बाबांनी केली!' मी चिहारूकडे पाहिलं. ती गप्प. मग मीही गप्प. पण म्युझियम आलं, खोकं आलं, सही कर म्हणालात. दुसऱ्याच्या कामावर मी नाव घालू? तेही माझ्या मुलीच्या?"

"मला का नाही विचारलंत?" चिहारू म्हणाली.

"तू मला कधी सांगितलंस?"

ती गुडघ्यांवर बसली. "सांगणार होते. पण तेत्सुरो ओरडला तेव्हा... बाबा, माझं काम कोणालातरी तुमचं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा. मला ते एक दिवस तसंच ठेवावंसं वाटलं. मग एकाचे अनेक झाले." तिचा आवाज एकदम चढला. "पण म्हणून ती वाकड्या काठांच्या ताटल्यांत नेऊन ठेवलीत? वाकेआरी? माझी बरणी?"

जिम्पेईंनी तिच्याकडे पाहिलं. आराकीबाईंना वाटलं होतं, की त्यांनी लेबल मुद्दाम कोरं ठेवलं असेल. तसं नव्हतं.

"लिहायचं होतं मला," ते म्हणाले. "'मुलीने घडवलेली' एवढंच. दोन लेबलं फाडली. हात ऐकेना. तिसरं नुसतंच चिकटवलं. म्हटलं, कोणीतरी वर येऊन विचारेल, मग खाली जाऊन चारचौघांत सांगेन. जिन्यावरून उतरताना बरणी छातीशी धरली होती. एक-एक पायरी भीती वाटत होती, हिला काही झालं तर. दिवसभर वाट पाहिली. कोणी आलं नाही. तुम्हीही काही बोलला नाहीत. वाटलं, तुम्हाला कळलं असेल आणि मान्य असेल." ते थांबले. "टेबल चुकलं माझं. ते मान्य."

चिहारूने डोळे पुसले, पण राग गेला नव्हता. तो तसा एका संध्याकाळीत जाणारही नव्हता.

तेत्सुरोने चटईला कपाळ टेकलं. "ऑर्डरी कमी होत चालल्यात, बाबा. तुमचं नाव गेलं की दुकान गेलं, असं वाटलं मला."

"म्हणून गेनला चोर ठरवणार होतास?" चिहारूने विचारलं.

"गेनला?" जिम्पेईंनी चपापून सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "त्याचा काय संबंध?"

ते मात्र त्यांना तेत्सुरोनेच सांगितलं. अवघड गेलं त्याला, पण सांगितलं.

६

सोमवारी सकाळी तेत्सुरोने म्युझियमला फोन करून खरं काय ते सांगितलं. पलीकडचा माणूस 'कळवू' म्हणाला. कळवतील की नाही, कोण जाणे.

नंतर तेत्सुरो नदीपलीकडे गेला. हिदाकाने माफी ऐकून घेतली, 'ठीक आहे' म्हटलं नाही. पण भट्टीसाठी एक माणूस कमी पडतोय म्हणाला. तेत्सुरो बाह्या सरसावून संध्याकाळपर्यंत विटा उचलत राहिला.

चिहारू आराकीबाईंना घेऊन इमारीला गेली. बरणी परत मागायची होती. त्यासाठी तिने बदल्यात द्यायला नवे वाडगे बांधून घेतले होते.

खानावळ छोटी होती. दुपारची गर्दी ओसरली होती आणि मालकीणबाई ओट्यामागे मासे साफ करत होत्या. ओट्याच्या टोकाला, सोया सॉसच्या बाटल्यांशेजारी, पांढरी बरणी होती. झाकण जरा सरकलेलं. आत मोहरीच्या पानांचं हिरवं लोणचं.

चिहारू दारातच थांबली.

"या, या, बसा!" मालकीणबाई म्हणाल्या. "मासा आहे, भात आहे. लोणचं हवं तेवढं घ्या, त्याला पैसे नाहीत."

दोघी बसल्या. एक म्हातारा खलाशी शेजारी जेवत होता. त्याने न बघता हात लांबवला, बरणीचं झाकण उचललं, चिमट्याने लोणचं घेतलं, झाकण परत ठेवलं. झाकण हलकेच टक् करून बरोबर जागी बसलं. चिहारूचं सगळं लक्ष त्या आवाजाकडे होतं, हे आराकीबाईंना दिसलं.

"छान आहे बरणी," आराकीबाई म्हणाल्या.

"छान? अहो, वेड लावलंय तिने! शिराताच्या बाजारातली. इतकी वर्षं प्लास्टिकच्या डब्यात ठेवत होते, माणसं दोनदा घ्यायची नाहीत. आता सकाळी भरलेलं दुपारी संपतं. नवरा म्हणतो, दुसरं लोणचंही अशाच बरणीत ठेवू. पण त्या दुकानात ती एकच होती. कोणी केली, तेही सांगता येईना बिचाऱ्या बाईंना."

आराकीबाईंनी चिहारूकडे पाहिलं. वाडग्यांचं गाठोडं तिने टेबलाखाली सरकवलं होतं.

"दुसरी किती मोठी हवी?" चिहारूने विचारलं.

"अं?"

"मुळ्याचं ठेवणार असाल तर तोंड जरा रुंद लागेल. हात आत जायला हवा." तिने दोन्ही तळवे हवेत धरून माप दाखवलं. "एवढं?"

मालकीणबाईंनी सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि ओट्यावरून वाकून आपले तळवे तिच्या तळव्यांना भिडवले. मग जरासे आत घेतले. "एवढं. तुम्ही घडवता का?"

"हो."

"नाव काय तुमचं? म्हणजे आलं की विचारायला."

"चिहारू," ती म्हणाली. "चिहारू तोमिनागा. पावसाळा संपेपर्यंत वेळ द्या." आणि मग तिने भात मागितला, दोन वाट्या, कारण सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं.